हेलेनाबाईंचं नाव

“हेलेनाबाई, तुमचं खरं नाव काय आहे?”

मी विचारलं आणि टेबलाखालून येमिमाची लाथ माझ्या नडगीवर बसली. वा रे वा! पैज लावताना हीच सगळ्यांच्या पुढे होती. “अबी, तुझी हिंमतच नाही. विचारलंस तर बसमधली माझी खिडकी तुझी, शेवटपर्यंत.” आणि अर्जेंटिनाच्या मिकाएलाने त्यात आणखी तेल ओतलं होतं, “आणि नाही विचारलंस तर उद्या बसमध्ये माइकवर गाणं. तुमच्या भाषेतलं. नाचून.”

त्याचं असं झालं होतं, की पहिल्या दिवशी ओळखी करून देताना आम्ही सगळ्यांनी ‘मी अमुक’, ‘मी तमुक’ म्हटलं. हेलेनाबाई मात्र म्हणाल्या, “मला हेलेना म्हणतात.” मिकाएलाने ते नेमकं टिपलं. शिवाय कुणी हाक मारली, की त्या जरा उशिराच वळायच्या.

“ऐकू कमी येत असेल,” मी म्हटलं होतं.

“छे! मागच्या सीटवर चिप्सचं पाकीट फोडलं तरी वळून बघतात,” मिकाएला म्हणाली. “काहीतरी आहे. विचार ना. तू तर कुणालाही काहीही विचारतेस.”

हे सगळं चाललं होतं पोलंडमधल्या क्राकोव शहरात, एका हॉटेलच्या जेवणघरात. आता मी बारावीत आहे. तेव्हा नुकतीच दहावीची परीक्षा दिली होती. हिटलरच्या राजवटीत युरोपातल्या ज्यूंचं काय झालं, ते जिथे झालं तिथेच जाऊन शिकायचं, म्हणून एका संस्थेने वेगवेगळ्या देशांतली आमच्या वयाची मुलं गोळा केली होती. भारतातून आम्ही दोघी होतो. मी अबिगेल पेणकर, पनवेल. आणि माझी चुलतबहीण येमिमा पेणकर, ठाणे. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. घरात मराठी बोलणारे, मटणाला नारळाचं दूध लावणारे. बाकीच्या मुलांना आमची भारी गंमत वाटायची. “भारतात ज्यू? मग तुमच्या घरातलं कोण गेलं?” असं ती विचारायची. कुणीच नाही, असं सांगितलं की “ओह, किती छान,” म्हणून मान फिरवायची. किती छान! त्यांच्यातल्या प्रत्येकाकडे गेलेली कुणी पणजी होती, पणजीची बहीण होती, फोटो होते. मला त्यांचा हेवा वाटायचा. आता लिहितानाही कान तापतात, पण वाटायचा.

हेलेनाबाई आमच्याबरोबर बसमधून फिरायच्या, आमच्याशी इंग्रजीत बोलायच्या. लहानपणी त्या या सगळ्यातून वाचल्या होत्या. आपली हकीकत त्या गुरुवारी सांगणार होत्या, आणि आमची गटप्रमुख दोरोता हिने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की तोवर त्यांना कुणी काही विचारायचं नाही.

पण मला बजावून काय उपयोग? आठवीपर्यंत हजेरीला ‘प्रेझेंट’ म्हणतानासुद्धा मी चाचरायचे. नववीत आमच्या बाईंनी बखोटीला धरून वक्तृत्व स्पर्धेत उभं केलं, पहिलं बक्षीस आलं, आणि तेव्हापासून तोंडाचा नळ जो सुरू झाला तो झालाच. “वॉशर बदलायला हवा हिचा,” बाबा म्हणायचे. पण म्हणताना केवढे खूश असायचे!

तर, हेलेनाबाईंनी सूपचा चमचा खाली ठेवला. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

“मला माहीत नाही,” त्या म्हणाल्या.

त्यांनी सूपचा वाडगा बाजूला सारला.

“मी तीनेक वर्षांची असेन. ज्यूंना कोंडलेल्या वस्तीला कुंपण होतं, आणि यानिना नावाची एक धोबीण कामावर जाताना त्या कुंपणाजवळून जायची. एका बाईने मला कुंपणापलीकडे यानिनाच्या हातात दिलं. मी रडू नये म्हणून झोपेचं औषध पाजलेलं होतं. यानिनाची स्वतःची मुलगी नुकतीच वारली होती. हेलेना. तिचा जन्मदाखला घरात होता, मग मी हेलेना झाले. माझं खरं नाव यानिनाला माहीत असणार. पण तिने मला सांगितलं नाही, मी बाहेर कुठे बोलून बसले असते तर? लढाई संपली की सांगीन, म्हणायची. लढाई संपायच्या आत टायफॉइडने गेली.”

“आणि ती कुंपणाजवळची बाई?” मिकाएलाने अगदी हळू विचारलं.

“यानिना एवढंच म्हणायची, की ती रडली नाही. मुलगी दिली, वळली आणि चालायला लागली.” हेलेनाबाई पावाचा तुकडा बोटांनी चुरत होत्या. “बाकी सगळं मी समजून घेतलं. माझी आई का रडली नाही, तेवढं मला आजपर्यंत कळलेलं नाही.”

मिकाएलाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. येमिमा ताटात बघतेय. आणि मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. आजूबाजूच्या टेबलांवरचेसुद्धा. जणू मीच त्या बाईंना कुंपणावरून टाकलं होतं.

मला काहीतरी करायला हवं होतं. आणि मला काय येतं? बोलता येतं.

आता इथे आमच्या लोकांची एक खोड सांगायला हवी. दोन बेने इस्राएल भेटले, की नमस्कार-बिमस्कार नंतर, आधी नातं काढायचं. “तुम्ही कुठले? नवगावचे? मग शिमशोनकाकांच्या कोण?” तिसऱ्या प्रश्नाला नातं निघतंच. नाही निघालं तर ओढूनताणून काढायचं, कारण नातं न काढता माणसाला जेवायला वाढायचं तरी कसं? बाबा यात उस्ताद आहेत. त्यांची मोटार ट्रेनिंग स्कूल आहे. गाडी शिकायला आलेल्या परक्या माणसाशीसुद्धा दुसऱ्या गिअरपर्यंत नातं जुळवतात. पहिल्या दिवशी बसमध्ये मी हाच खेळ लावला होता. मिकाएलाला मावशी ठरवलं, ड्रायव्हरला मामा ठरवलं. सगळी बस हसत होती, हेलेनाबाईसुद्धा.

आणि दुसरी एक गोष्ट मी त्यांना तेव्हाच सांगितली होती, आमच्या मडमची.

मडम आमच्या घरातली हुकमी गोष्ट. माझ्या पणजोबांच्या काळात पनवेलच्या आमच्या जुन्या घरात माडीवर एक गोरी बाई भाड्याने राहत होती. जर्मन बोलायची. हिटलरच्या भीतीने पळून आलेली ज्यू बाई, एवढं घरात माहीत होतं. घरात काहीही कार्य असलं, की जेवणं झाल्यावर बाबा मडमची नक्कल करतात. मडम पाणी उकळून पितेय, मडम कावळ्यांवर ओरडतेय, मडम बूट घालून झोपलीय. शेवटी बाबा टेबलाभोवती खाडखाड पाय आपटत चालतात. “आणि एक दिवस मडम गेली, बूट घालूनच!” की सगळे पोट धरून हसतात. आम्ही पोलंडला निघालो त्याच्या आदल्या दिवशी घरी मलिदा केला होता. प्रवासाला निघताना आमच्यात गूळ-खोबऱ्याच्या पोह्यांचा असा नैवेद्य असतो. तेव्हाही ही नक्कल झाली.

“हेलेनाबाई, थांबा,” मी म्हटलं. “आपलं नातं निघतंय!”

“अबी,” येमिमा मराठीत पुटपुटली, “गप बस.”

नाही बसले. “मी त्या मडमबद्दल सांगितलं होतं ना? ती युरोपातून एकटी आली होती. तिला एक मुलगी होती, तान्ही. ती मागे राहिली होती, क्राकोवला. माझ्या आजोबांची बहीण तेव्हा लहान होती, तिला मडम मांडीवर घ्यायची आणि आपल्या मुलीच्या नावाने हाक मारायची. रोज. आणि खूप रडायची हो. माझी पणजी सांगायची, एवढी रडणारी बाई तिने दुसरी पाहिली नाही.”

वक्तृत्वाच्या बाईंनी शिकवलं होतं, वाक्य संपल्यावर थांबायचं, ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत बघायचं. मी बघितलं.

हेलेनाबाई अजिबात हलत नव्हत्या. “काय नावाने?” त्यांनी विचारलं.

टेबलावर छोट्या फुलदाणीत प्लास्टिकचं गुलाबाचं फूल होतं.

“रोझा,” मी म्हटलं.

“रोझा,” त्या म्हणाल्या. मग पुन्हा एकदा, जरा वेगळ्या आवाजात, “रोझा.” आणि मग, “तिचं नाव? त्या बाईचं?”

“घरात सगळे मडमच म्हणायचे.” तेवढं एक खरं होतं. “पण बाबांना माहीत असेल.”

हेलेनाबाई उठल्या, टेबलाला वळसा घालून आल्या आणि त्यांनी माझं डोकं दोन्ही हातांत धरून माझ्या केसांवर ओठ टेकले. सगळं जेवणघर माझ्याकडे बघत होतं, आणि आता वेगळ्या नजरेने बघत होतं. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं. जेवणघरातून बाहेर पडेपर्यंत वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बसमध्ये चढल्या त्या लिपस्टिक लावून. ड्रायव्हरला त्यांनी पोलिशमध्ये काहीतरी सांगितलं. मला त्यातला एकच शब्द कळला, ‘रोझा’. ड्रायव्हरने टोपी काढली, त्यांचा हात हातात घेतला. मग त्या माझ्याशेजारी येऊन बसल्या. खिडकी मी पैजेत जिंकली होती. मी त्यांना दिली.

त्या दिवशी आम्ही ऑशविट्झला गेलो. तिथलं सगळं सांगत नाही, सांगता येतही नाही. एका खोलीत काचेमागे भांडी होती. लोकांनी येताना आणलेली भांडी: पातेली, झाकणं, डाव, निळ्या काठाच्या थाळ्या. नव्या गावी जाऊन संसार मांडायचा, अशा समजुतीने माणूस आणतो तशी. आईनेही येमिमाच्या घरी राहायला जाताना असंच एकदा आपलं पातेलं बरोबर घेतलं होतं. माझ्या आजूबाजूची मुलं रडत होती. मला रडू आलं नाही. माझ्या दंडाला हेलेनाबाईंचा हात होता, आणि तो हात हलका होता. एवढ्या भयंकर जागी त्यांचा हात हलका होता, त्याला कारण मी होते.

“रात्रभर विचार करत होते,” बाहेर पडल्यावर त्या म्हणाल्या. त्यांच्या चालण्याला चक्क वेग आला होता. “तुझी मडम तिकडे आली ती लढाईच्या आधी. म्हणजे मला कुंपणावरून दिलं तेव्हा ती तिथे नव्हतीच. कळतंय का तुला? कुंपणाजवळची बाई माझी आई नव्हती. मावशी असेल, शेजारीण असेल. शेजारणीने कशाला रडायचं? तिने उलट केवढं मोठं काम केलं! आणि माझी आई पुढे गेली होती, आमच्यासाठी जागा बघायला. तुमच्या गावात. आणि रोज रडत होती.”

मी तारखांचा विचारच केला नव्हता. माझ्या थापेला भोक होतं, आणि ते त्यांनी स्वतः आपल्या हाताने बुजवलं होतं.

“कुठल्या बाजूला आहे तुमचं गाव? समुद्र दिसतो?”

“खाडी आहे,” मी म्हटलं.

“मग बंदरावर जाऊन बसत असेल.”

मी काहीच बोलले नाही. गप्प राहून खोटं बोलता येतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

बसजवळ येमिमाने मला कोपऱ्यात घेतलं. “मडमला पांढरा अंबाडा होता, अबी. काका नक्कल करताना डोक्यावर पांढरा नॅपकिन बांधतात. साठीची बाई होती ती! तान्ही मुलगी कुठून येणार तिला?”

“मग तू काल का नाही बोललीस?”

“मला वाटलं तू थांबशील.”

“मग आज बोल.”

“मी?” येमिमाचे डोळे भरून आले. “त्यांनी मला आता विचारलं, की रोझा हे नाव तुमच्याकडे कसं म्हणतात. मी म्हणून दाखवलं, अबी. दोनदा म्हणून दाखवलं.”

संध्याकाळी दोरोता आम्हाला शोधत आली. शुक्रवारी सकाळी शेवटचा कार्यक्रम असायचा: प्रत्येकाने एक मेणबत्ती लावायची आणि गेलेल्या एका माणसाचं नाव उच्चारायचं. ज्यांच्या घरचं कुणी नव्हतं त्यांना संस्था नाव द्यायची. “हेलेना दर वर्षी मेणबत्ती लावते,” दोरोता म्हणाली, “पण नाव घेत नाही. नुसती उभी राहते. या वर्षी ती आईचं नाव घेणार आहे. उद्या दुपारी तिला तुझ्या वडिलांशी बोलायचंय, नाव विचारायला. जमेल ना?” आणि मग, नियम मोडल्याबद्दल मला रागावायचं तर राहिलंच, तिने मला मिठी मारली.

गुरुवारी सकाळी सांगायचंच, असं मी ठरवलं. नाश्त्याच्या वेळी. पण नाश्त्याला हेलेनाबाई फोनवर होत्या, त्यांच्या मुलीशी बोलत होत्या. मला बघितल्यावर फोन त्यांनी माझ्या हातात दिला. पलीकडे एक बाई नुसती रडत होती आणि मोडक्या इंग्रजीत थँक यू, थँक यू म्हणत होती. “माझ्या आईला मी असं हसताना ऐकलं नव्हतं,” असं काहीतरी म्हणाली. मी म्हटलं, “वेलकम.” वेलकम!

मग त्यांची हकीकत झाली. बाकीचे गटही आले होते, खुर्च्या पुरल्या नाहीत. हेलेनाबाई उभ्याने बोलल्या. “ही गोष्ट मी किती वर्षं सांगतेय,” शेवटी त्या म्हणाल्या, “आणि दर वेळी शेवटचं वाक्य एकच असतं, की मी कोण आहे ते मला माहीत नाही. आज पहिल्यांदा ते वाक्य बदलतेय.” त्यांनी हात पुढे केला. “अबिगेल, उभी राहा.”

मी उभी राहिले.

टाळ्या वाजल्या. खूप वेळ वाजल्या. मी चेहऱ्यावर काय आणलं होतं कोण जाणे. मिकाएला नंतर म्हणाली, की तू किती साधी दिसत होतीस.

त्यानंतर मी खोलीत जाऊन बाबांना मेसेज केला: ‘तीन वाजता व्हिडिओ कॉल करते. एक आजी बोलतील, मडमचं नाव विचारतील. मी त्यांना सांगितलंय की मडम त्यांची आई होती. प्लीज सांभाळून घ्या.’ बाबांचा अंगठा आला. मग हसरा चेहरा आला. मग: ‘डोन्ट वरी!!’

तीन वाजता आम्ही हॉटेलच्या मागच्या अंगणात बसलो. चेस्टनटच्या झाडाखाली लोखंडी टेबल होतं. हेलेनाबाई केस नीट विंचरून, कोटाला चांदीची पिन लावून आल्या होत्या, स्थळ बघायला आल्यासारख्या. त्यांनी मोबाइल स्वतःच्या पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केला आणि माझं मनगट धरून ठेवलं. तिकडे साडेसहा वाजले होते. पडद्यावर बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, आणि मागे आई, हातात पुऱ्यांचा झारा.

“हॅलो मॅडम! गुड आफ्टरनून!” बाबा ओरडले. नेट असलं तरी ते परदेशी फोनवर ओरडूनच बोलतात. “वेलकम टू अवर फॅमिली!”

हेलेनाबाई हसल्या, मान झुकवून नमस्कार केला. “रोझा,” छातीवर हात ठेवून त्या म्हणाल्या.

“आधी मी त्यांच्याशी आमच्या भाषेत बोलून घेते,” मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली. त्यांना काही घाई नव्हती.

“बाबा, ऐका—”

“अगं मी तयारी करून बसलोय,” बाबा चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवून मराठीत म्हणाले. “बेर्टा. कसं वाटतं? मडम बेर्टा. येमिमाच्या बाबांना विचारलं, ते म्हणतात बेर्टा एकदम त्या काळातलं वाटतं.”

“अहो, हे काय चाललंय?” आईने झारा खाली ठेवला. “अबी, नीट सांग बघू मला.”

मी सांगितलं. सगळं, प्लास्टिकच्या गुलाबासकट, भरभर, चेहरा सरळ ठेवून, कारण माझं मनगट त्यांच्या हातात होतं. बाबांचं हसू हळूहळू उतरलं. आई खुर्ची ओढून कॅमेऱ्याच्या जवळ आली आणि हेलेनाबाईंकडे बघत राहिली.

“किती वय आहे गं त्यांचं?”

“चौऱ्याऐंशी. म्हणजे, बहुतेक. तेही नक्की माहीत नाही त्यांना.”

आईने हात पुसले. मग म्हणाली, “राहू दे मग.”

“काय राहू दे?”

“नाव. राहू दे त्यांच्याकडे. बघ तरी बाई कशी दिसतेय, मी फोटो पाहिले होते ना तुझे, पहिल्या दिवशीचे. तेव्हा कसा चेहरा होता. तुझं चुकलं, फार चुकलं, ते तू जन्मभर लक्षात ठेव. पण खरं सांगून आता तू कुणाचं भलं करणार आहेस? स्वतःचंच ना? तुझ्या मनावरचं ओझं उतरेल, आणि ते त्यांच्या डोक्यावर जाईल. या वयात आई दोनदा घालवायची का माणसाने?”

आई बरोबर बोलत होती. दोन दिवस मी हेच स्वतःला सांगायचा प्रयत्न करत होते, पण माझ्या तोंडी ते लबाडीचं वाटायचं. आईच्या तोंडी ते मायेचं वाटलं.

“मग सांगू ना बेर्टा?” बाबांनी विचारलं. आता ते हसत नव्हते. “सांगतो मी. चांगल्या शब्दांत सांगतो. आमच्यात सुखात होती म्हणतो.”

हेलेनाबाईंनी माझं मनगट हलकेच दाबलं. “त्यांना आठवतंय?”

“आठवतायत,” मी म्हटलं. आणि मग बाबांना विचारलं, “बाबा, पण तिचं खरं नाव काय होतं?”

“कुणाचं?”

“मडमचं. आपल्या मडमचं.”

“आता ते काय माहीत? मडमच म्हणायचे सगळे. नाव कोण विचारतंय!”

“माडीवर राहत होती ना आपल्या? वर्षभर? आजोबांना भाकरी नेऊन द्यायला वर पाठवायचे, तुम्हीच सांगता. कुणीच नाही विचारलं? आपण? आपण तर रस्त्यावरच्या माणसाला कोण-कुठला विचारतो.”

“अगं, मडम ती. गोरी बाई. तिचं आपल्याशी काय नातं निघणार होतं?” बाबांनी शर्टाची कॉलर सारखी केली. “तेव्हाचे लोक वेगळे.”

“आणि गेली कुठे?”

“कोण?”

“बाबा! मडम गेली, बूट घालूनच. कुठे गेली?”

तिकडे आईनेही त्यांच्याकडे मान वळवली. तिला लग्नानंतर इतक्या वेळा ती नक्कल बघून हे विचारावंसं वाटलं नव्हतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

“म्हणजे असं,” बाबा म्हणाले. कॅमेऱ्याकडे बघेनात. “लढाई लागली आणि पोलीस विचारायला आले. जर्मन बोलणारी, म्हणजे शत्रूचं माणूस, असा सरकारी कायदा होता. ती ज्यू, आपल्यातली, ते इंग्रजाला कोण समजावणार? आणि पणजोबांची रेल्वेत नोकरी. तर त्यांनी सांगितलं मडमला, की बाई, दुसरीकडे बघा. रात्रीपर्यंत वाट नाही बघितली तिने. अंगात कोट, पायात बूट होतेच. पणजीने म्हणे डबा दिला होता बरोबर. पुढचं कुणाला माहीत नाही. चौकशी करायची म्हणजे नोकरीवर आलं असतं.” ते थांबले. “आजोबा मला एकदाच बोलले होते हे. नकलेत कसं घालायचं ते?”

झाडाखाली वारा सुटला, आणि चेस्टनटच्या पांढऱ्या पाकळ्या टेबलावर पडल्या. हेलेनाबाईंनी एक उचलून बाजूला ठेवली. बाबांचा पडलेला चेहरा त्यांनी पडद्यावर पाहिला होता, आणि त्यांना त्यातून काय वाटलं ते मला स्पष्ट दिसत होतं: आपल्या आईच्या आठवणीने या भल्या माणसाला भरून आलंय.

“मडम,” त्या मला म्हणाल्या. तो एक शब्द त्यांना ओळखू आला होता. “मडमबद्दलच बोलतायत ना? काय म्हणाले? नाव मिळालं?”

आईने बाबांच्या दंडावर हात ठेवला. बाबांनी घसा साफ केला, इंग्रजी जुळवायला लागले. “मॅडम,” ते मोठ्याने म्हणाले, “युअर मदर—”

“बाबा, थांबा!”

मी मराठीत एवढ्या जोराने ओरडले, की हेलेनाबाई दचकल्या. पण मनगट त्यांनी सोडलं नाही.

“बेर्टा म्हणायचं नाही. काहीच म्हणायचं नाही. आई, तू म्हणालीस ते खरं असेल, मला माहीत नाही. पण एका बाईला आपण नाव न विचारता घालवलं, आणि दुसरीला मी न विचारता नाव दिलं. आता आणखी एक खोटं यांच्या मेणबत्तीपुढे मी ठेवू देणार नाही. मी यांना आत्ता खरं सांगणार आहे. माझं सांगणार आहे, आणि आपल्या मडमचंही सांगणार आहे, पोलिसांसकट. त्या रडतील, मला मारतील, काय करायचं ते करतील. तुम्ही फोन बंद करायचा नाही. दोघांनीही तिथेच बसायचं, आणि मी बोलत असताना यांच्याकडे बघायचं.”